बालरुग्णांचे उपचारभय

तपासणी, सुई, दातांवरील उपचार, शस्त्रक्रिया किंवा रुग्णालयातील मुक्काम यांच्या धास्तीने मुलांच्या मनात निर्माण होणाऱ्या भीतीला उपचारभय म्हणता येईल. तिचे रूप वयाप्रमाणे बदलते. सुमारे आठव्या महिन्यापासून अनोळखी चेहरा आणि आईपासूनचा दुरावा नकोसा होतो. तीन ते सहा वर्षांचे मूल दुखण्याला आपल्या खोडीची शिक्षा समजू शकते. टोचलेल्या जागेतून अंगातले सगळे रक्त निघून जाईल असेही त्याला वाटते, म्हणून तेथे चिकटवलेली छोटी पट्टी त्याच्या लेखी औषधाइतकीच मोलाची असते. शाळकरी मुलाला भूल उतरल्यावर आपण जागे होऊ ना, ही शंका छळते, तर किशोरवयात अंग उघडे पडण्याचा संकोच मोठा असतो. ‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाकांना सुई टोचायला सांगेन’ हा घरोघरीचा धाक या भीतीला खतपाणीच घालतो.

उपायांचा पाया म्हणजे मुलाला कळेल अशा शब्दांत आधीच सांगितलेले खरे. ‘काही होणार नाही’ असे म्हणून टोचले, की पुढच्या खेपेला मूल दवाखान्याच्या पायरीवरच आकांत मांडते. त्यापेक्षा ‘थोडे दुखेल, पण लगेच थांबेल’ हे सांगणे बरे. लहानग्याला हे थोडाच वेळ आधी, तर शाळकरी मुलाला काही दिवस आधी सांगावे. दंतवैद्यकातून रूढ झालेल्या ‘सांगा, दाखवा, मग करा’ या पद्धतीत साधन प्रथम मुलाच्या हाती दिले जाते. बाहुलीच्या हाताला पट्टी बांधून सलाइनची नळी लावताना मूल तिला ‘हात हलवू नकोस हं’ असे बजावू लागले, की निम्मे काम झाले. टोचताना चौघांनी हातपाय दाबून आडवे पाडण्याऐवजी आईने किंवा बाबांनी मांडीवर सरळ बसवून घट्ट धरावे, साबणाचे फुगे फुंकायला द्यावेत. तान्ह्या बाळाला लस देताना स्तनपान चालू ठेवणे, तसेच अनेक लशी असल्यास सर्वांत दुखरी शेवटी देणे, या शिफारशी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केल्या. लिडोकेन-प्रिलोकेनयुक्त मलम त्वचा बधिर करते. मात्र ते साधारण तासभर आधी लावावे लागते आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमके तेच राहून जाते.

या विषयाकडे लक्ष वेधण्यात ब्रिटनमधील मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांचा वाटा मोठा आहे. किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेली दोन वर्षांची मुलगी त्यांनी १९५२ च्या लघुपटात दाखवली. त्या काळी तेथे पालकांच्या भेटीवर कडक निर्बंध असत. रुग्णालयातील मुलांविषयीच्या तेथील सरकारी समितीच्या १९५९ च्या प्लॅट अहवालाने ते उठवण्याची शिफारस केली. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत आई मुलाच्या खाटेपाशी चटई टाकून झोपतेच. अडवले जाते ते ड्रेसिंगच्या खोलीच्या दाराशी, म्हणजे मुलाला ती सर्वांत जास्त हवी असते तेव्हा.