चार पुडकी, चार मोहोरा

‘लाखोंचा माल जप्त’ अशी बातमी आली की डोळ्यांपुढे गोदामातली थप्पी उभी राहते. पण त्या कारवाईचा सगळा भार असतो एका छोट्या पुडक्यावर. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानातून नमुना घेतो, तोही पैसे मोजून, आणि त्याचे चार भाग करतो. प्रत्येक भाग जाड कागदात गुंडाळायचा, तळापासून टोकापर्यंत सांकेतिक क्रमांकाची चिठ्ठी डकवायची, दुकानदाराची सही अर्धी चिठ्ठीवर, अर्धी कागदावर घ्यायची. मग सुतळी, आणि तिच्यावर लाखेच्या किमान चार मोहोरा: वर एक, खाली एक, अंगावर दोन. कुणी पुडकं उघडलं तर सहीच दुभंगते!

एवढी काळजी कशासाठी, ते 2015 च्या मॅगी प्रकरणात कळलं. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीहून गेलेल्या नमुन्यात कोलकात्याच्या प्रयोगशाळेला 17.2 पीपीएम शिसं आढळलं. मर्यादा होती 2.5 पीपीएम, म्हणजे किलोभर नूडल्समध्ये 2.5 मिलिग्रॅम, तांदळाच्या एका दाण्याचा जेमतेम आठवा हिस्सा. शिसं मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करतं, त्यामुळे इतकं बारीक मोजणं भागच आहे. पण मोजायचं तर आधी अन्न आम्लात पूर्ण विरघळवावं लागतं. आम्लात, काचेच्या भांड्यात, हवेतल्या धुळीत शिशाचा अंश असला तर तोही नूडल्सच्या नावावर जमा होतो. म्हणून नमुन्याबरोबर अन्नाशिवायची कोरी चाचणी लावतात आणि तिचा आकडा वजा करतात.

जूनमध्ये देशभर बंदी आली. 13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली: कंपनीचं म्हणणं ऐकलं गेलं नव्हतं, आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांना या तपासणीची रीतसर मान्यता नव्हती. मग न्यायालयाने नेमलेल्या तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली, शिसं मर्यादेत निघालं आणि नोव्हेंबरमध्ये पाकिटं पुन्हा दुकानात आली. ‘कंपनी सुटली’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. मला मात्र खुपतं ते हे, की एवढ्या मोठ्या कारवाईखाली पक्की प्रयोगशाळाच नव्हती. उद्या खरोखर विषारी माल सापडला, तर तो अशाच फटीतून निसटेल.

आणि ती चार पुडकी? एक अन्न विश्लेषकाकडे जातं, 14 दिवसांत अहवाल येतो. दोन फेरतपासणीसाठी राखून ठेवतात. चौथं दुकानदाराने मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावं लागतं. ही मागणी करायची असते नमुना घेतला जात असतानाच, लाख अजून गरम असताना.