तुरटीचा खडा आणि समुद्रतळाचा रहिवासी

समुद्राच्या तळाशी ॲल्युमिनियमचे चिलखत घालून प्रचंड दाबाला तोंड देणाऱ्या प्राण्याची बातमी परवा भाचीने मला मोबाइलवर पाठविली आणि ‘हे खरे आहे का?’ असे विचारले. प्राणी खरा आहे, ॲल्युमिनियमही खरे आहे. मात्र ‘चिलखत’ या शब्दाने डोळ्यांसमोर जो पत्रा उभा राहतो, तो खरा नाही.

हिरॉन्डेलिआ गिगास हे त्या जीवाचे शास्त्रीय नाव. कोळंबी-खेकड्यांच्या कवचधारी कुळातला, दोन्ही बाजूंनी चपटा आणि काही सेंटिमीटर लांबीचा हा अँफिपॉड पॅसिफिकमधील मारियाना गर्तेत, चॅलेंजर डीप येथे सुमारे 10,900 मीटर खोलीवरही आढळतो. तेथे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक टनाहून अधिक भार असतो. तरीही तो चिरडला जात नाही, कारण त्याच्या शरीरात दबून जाईल अशी हवेची पोकळी नाही. आत द्रव, बाहेर पाणी आणि दोन्हीकडे दाब सारखाच. रिकामी बाटली चेपते, काठोकाठ भरलेली चेपत नाही, तसेच हे आहे.

त्याची खरी अडचण कवचातील कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुनखडीची आहे. थंडी आणि दाब वाढतो तसतशी चुनखडी पाण्यात अधिक विरघळू लागते आणि पॅसिफिकमध्ये साधारण 4,000 ते 5,000 मीटरच्या खाली तर वरून पडणाऱ्या सूक्ष्म जीवांची चुनखडीची कवचे तळावर साचून राहत नाहीत, विरघळून जातात. मग दुप्पट खोलीवर हा जीव आपले कवच कसे टिकवितो?

जपानच्या जॅमस्टेक या सागरी संशोधन संस्थेतील हिदेकी कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी 2019 साली दाखविले की, या प्राण्याच्या कवचाच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम असते. समुद्राच्या पाण्यात विरघळलेले ॲल्युमिनियम अत्यल्प असते. तळाच्या गाळात मात्र ते भरपूर, पण मातीच्या कणांत घट्ट अडकलेले. त्यांच्या मांडणीप्रमाणे या प्राण्याच्या शरीरातील ग्लुकॉनिक आम्ल ते सोडवून घेते. या आम्लाच्या रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांची रांग असते. त्या जोड्या व टोकाचा आम्लगट मिळून धातूच्या आयनाला चिमट्यासारखे धरतात आणि मातीतून बाहेर ओढतात. आयन समुद्राच्या किंचित अल्कधर्मी पाण्यात आला, की त्याचे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड बनते. ते चिकट, पाणी धरून ठेवणारे जेल असते आणि तेच कवचावर पसरून आतल्या चुनखडीचे रक्षण करते.

हे जेल इंदूरच्या आम्हा लोकांना अनोळखी नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ आले, की माझी आजी घागरीत तुरटीचा खडा सात वेळा फिरवी आणि घागर झाकून ठेवी. काही वेळाने पाण्यात पांढुरके, कापसासारखे पुंजके तरंगताना दिसत. ते मातीचे कण धरून हळूहळू तळाला बसत आणि वरचे पाणी नितळ होई. ते पुंजके म्हणजेच ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. तुरटीतील ॲल्युमिनियम पाण्यातील बायकार्बोनेटशी संयोग पावून तेच जेल तयार करते, जे पित्तावरच्या अनेक पांढऱ्या पातळ औषधांतही असते. एवढा गुणी खडा काळ्या कापडात बांधून दृष्ट लागू नये म्हणून दुकानाच्या चौकटीला टांगला जातो, याचे मला वाईट वाटते. चौकटीवर तो काहीच करीत नाही. घागरीत तो प्रत्यक्ष काम करतो, तेही कोणालाही पाहता येईल असे.

आता उरतो तो आम्लाचा प्रश्न. ग्लुकॉनिक आम्ल ग्लुकोजच्या ऑक्सिडेशनने बनते आणि ग्लुकोज मिळविण्यात हा जीव फार वाकबगार आहे. 2012 साली याच संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच्या पचनसंस्थेत सेल्युलोज तोडणारे विकर सापडले होते. म्हणजे झाडांचे जे अवशेष बुडत बुडत तळाशी पोहोचतात, त्यांतूनही तो साखर काढू शकतो. प्रयोगशाळेत त्या विकराने सामान्य तापमानाला, दुसऱ्या कोणत्याही विकराच्या मदतीवाचून, लाकडापासून आणि साध्या कोऱ्या कागदापासूनही ग्लुकोज तयार केले होते.