समतोल आराखडा आणि रिझॉल्व्हेबल आराखडा: दोन वेगळ्या अटी

खानापूर तालुक्यात उतारावरच्या शेतात भाताचे ९ वाण तपासायचे आहेत, इंद्रायणी आणि बेळगाव बासमती धरून. खाचरं लहान, एकात तीनच वाफे बसतात. वरच्या खाचराची माती-पाणी खालच्यासारखी नसते, म्हणून तुलना एकाच खाचरातल्या वाणांची. प्रत्येक खाचर हा एक ब्लॉक, आणि सगळे वाण त्यात मावत नाहीत म्हणून तो अपूर्ण. इथवर कुणी चुकत नाही. घोळ होतो तो पुढे: समतोल आणि रिझॉल्व्हेबल या दोन अटी एकच समजल्या जातात.

समतोल म्हणजे वाणांची कुठलीही जोडी सारख्याच वेळा एका खाचरात येणं. रिझॉल्व्हेबल म्हणजे खाचरांचे असे गट पडणं, की दर गटात प्रत्येक वाण नेमका एकदा यावा.

९ वाणांना दोन्ही साधतं. १ ते ९ आकडे तीन-तीनच्या चौकटीत लिहा; आडव्या ओळी, उभ्या ओळी, मग दोन्ही दिशांचे तिरके (कड आली की समोरच्या कडेपासून पुढे). खाली १२३ म्हणजे १, २ आणि ३ हे वाण एका खाचरात, आणि दर ओळ म्हणजे एक गट:

१२३, ४५६, ७८९
१४७, २५८, ३६९
१५९, २६७, ३४८
१६८, २४९, ३५७

१२ खाचरं, ४ गट. ३६ जोड्या, प्रत्येक एकदाच. कोणत्या आकड्याला कोणता वाण हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, वाफ्यांचा क्रमही तसाच.

७ वाण असतील तर १२४ पासून दर आकड्यात १ मिळवत जा, ७ नंतर पुन्हा १: १२४, २३५, ३४६, ४५७, ५६१, ६७२, ७१३. समतोल चोख, पण गट पडत नाहीत. ७ ला ३ ने भागच जात नाही. लावणीला माणसं कमी पडून पहिल्या दिवशी तीनच खाचरं उरकली, तर २, ३, ४ हे वाण दोनदा लागतात आणि ७ एकदाही नाही. तारखेचा फरक वाणाच्या माथी बसतो. ९ च्या आराखड्यात रोज एक गट लावला, की उशिराचा फटका सगळ्यांना सारखाच.

उलटही घडतं. खर्च वाचवायला चौथा गट गाळलात, तर उरलेला आराखडा रिझॉल्व्हेबलच, पण समतोल गेला: १ आणि ६ एका खाचरात कधीच येत नाहीत.

भाग जातो म्हणजे गट पडतातच, असंही नाही. १५ वाणांच्या, प्रत्येक जोडी एकदाच येणाऱ्या समतोल त्रिकूट-रचना मूलतः ८० प्रकारच्या. त्यांतल्या ४ च रिझॉल्व्हेबल. गणितज्ञ कर्कमनचं १८५० सालचं १५ मुलींचं कोडं हेच: सात दिवस रोज तिघी-तिघींच्या रांगा, पण कुठल्याही दोघी पुन्हा एका रांगेत नकोत. (समतोल त्रिकुटं कधी जमतात हेही त्यानेच १८४७ मध्ये दाखवलं होतं, नाव मात्र स्टायनर या दुसऱ्या गणितज्ञाचं लागलं.) ६ ने भागून ३ उरणाऱ्या प्रत्येक संख्येला रिझॉल्व्हेबल रचना असतेच, हे रायचौधरी आणि विल्सन या गणितज्ञांनी १९७१ मध्ये छापलं.

९ वाणांच्या आराखड्याच्या हिशेबात सरळ सरासरी नको. वाणाच्या एकूण उत्पन्नातून, तो ज्या ४ खाचरांत होता त्यांच्या एकूण उत्पन्नाचा तिसरा हिस्सा वजा करा आणि उरलेल्याला ३ ने भागा. हा त्या वाणाचा सर्वसाधारण सरासरीपासूनचा फरक. हे सूत्र समतोलावर उभं आहे. चौथा गट गाळला असेल तर ते लागू होत नाही, गट कितीही नीट पडले तरी.