गाठ बघायची तर शेजारपाजारही बघा

कॅन्सरची गाठ म्हटलं की बेफाम वाढणाऱ्या पेशींचा एक गोळा डोळ्यासमोर येतो, ते चूक नाहीये पण अर्धवट आहे. त्या गोळ्यात कॅन्सरच्या नसलेल्या पेशीही ढिगाने असतात. जखम भरून काढणारे फायब्रोब्लास्ट, इम्युन सिस्टिमच्या टी सेल आणि मॅक्रोफेज, वेड्यावाकड्या गळक्या रक्तवाहिन्या, आणि सगळ्यांना धरून ठेवणारं कोलॅजनचं जाळं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये तर बऱ्याचदा निम्म्याहून जास्त गाठ या शेजाऱ्यांचीच असते. ही जी सगळी आळी आहे ना, तिला ट्युमर मायक्रोएन्व्हायर्नमेंट म्हणतात. आणि तिच्यासाठी युनिव्हर्सिटीत वेगळं रिसर्च सेंटर काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, कॅन्सरचं डिपार्टमेंट आहे, इम्युनॉलॉजीचं आहे, मग हे आणखी कशाला?

शेजाराचं महत्त्व काही आत्ता कळलेलं नाही. १८८९ मध्ये लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी ब्रेस्ट कॅन्सरने दगावलेल्या ७३५ पेशंटच्या नोंदी चाळल्या, त्यात २४१ जणांच्या लिव्हरमध्ये कॅन्सर पसरलेला आणि प्लीहेत फक्त १७ जणांच्या. रक्त तर दोन्हीकडे भरपूर जातं, मग रक्तासोबत वाहत जाऊन कुठेही रुजायचं असतं तर एवढा फरक कसा पडला? त्यांचं म्हणणं असं की बी सगळीकडे उडतं, पण रुजतं ते मानवेल त्या मातीत.

मला याहून जास्त आवडतो तो १९८४ चा पेशींवर संशोधन करणाऱ्या मिना बिसेल आणि त्यांच्या सहकाऱ्याचा प्रयोग. कोंबडीला राउस सार्कोमा व्हायरस टोचला की तिथे गाठ येते, हे माहीत होतं. यांनी तोच व्हायरस अंड्यातल्या अगदी कोवळ्या भ्रूणाला टोचला, तर गाठच नाही! व्हायरसचा कॅन्सर करणारा जीन तिथे कामही करत होता, तरी नाही. मग त्याच पेशी सुट्या करून डिशमध्ये ठेवल्या तर त्या कॅन्सरसारख्या वागायला लागल्या. पेशी त्याच, जीन तोच, बदललं ते फक्त घर.

आता सेंटरकडे येऊ. अशा वेळी सगळ्यांचा जीव मशीनमध्ये अडकलेला असतो, स्पेशिअल ट्रान्स्क्रिप्टॉमिक्सचं यंत्र घेऊ (म्हणजे गाठीच्या कापात कुठल्या जागी कुठले जीन चालू आहेत याचा नकाशा देणारं), मास सायटोमीटर (एकेका पेशीवरची डझनावारी प्रथिनं मोजणारं) घेऊ वगैरे. घ्या ना, पण शेवटी घ्या. आधी हे बघा की ऑपरेशन थिएटरपासून लॅबपर्यंत गाठीचा तुकडा किती मिनिटांत पोचतो. गाठीचा रक्तपुरवठा तुटला त्या क्षणापासून आतला ऑक्सिजन संपत जातो, पेशींचे जीन चालू-बंद व्हायला लागतात, नाजूक पेशी मरायला लागतात. तुकडा तासभर टेबलावर पडून राहिला तर तुमचं महागडं यंत्र गाठीचं नाही, त्या टेबलावरच्या तासाभराचं वर्णन करेल.

बरं, तुकडा लगेच संशोधकाच्या हातात जातो असंही नाही आणि जाऊही नये. आधी पॅथॉलॉजिस्ट तो ग्रॉसिंगला, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी तपासून कापायला घेतो, कडांना शाई लावतो, सुरीने काप घेतो, कडेपर्यंत कॅन्सर आहे का हे बघायला जे लागतं ते बाजूला ठेवतो. पेशंटचं निदान पहिलं, उरलं तर रिसर्च. म्हणून पॅथॉलॉजिस्ट सेंटरमध्ये पहिल्या दिवसापासून हवा, नंतर सहीपुरता आणून बसवलेला नको. आणि पेशंटची संमती ऑपरेशनच्या आधी, नीट समजावून घेतलेली हवी, हे वेगळं सांगायला नको.

उरलेल्या तुकड्याचे परत वाटे. एक फॉर्मॅलिनमध्ये, एक लिक्विड नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर, एक ताजाच. ताज्याला एन्झाइम लावून पेशी सुट्या करतात, पण त्यातही गोची आहे, ३७ अंशांवर एन्झाइममध्ये ठेवल्याच्या ताणानेच काही जीन चालू होतात, न्यूट्रोफिलसारख्या नाजूक पेशी हरवतात, आणि कोण कोणाच्या शेजारी होतं हे तर कायमचंच गेलं. टी सेल गाठीत शिरलेत का कडेलाच अडकून बसलेत, हे सुट्या पेशी मोजून कळत नाही. म्हणून अख्खा कापही जपावा लागतो.

इंजिनिअर कशाला लागतात असं बऱ्याच जणांना वाटतं. प्लॅस्टिकची डिश शरीरातल्या मऊ भागांच्या मानाने लाखो पटींनी कडक असते, आणि पेशीला तो कडकपणा जाणवतो, ती त्याप्रमाणे वागते. त्यामुळे मऊ जेलमध्ये थ्रीडी कल्चर करणारी, म्हणजे पेशी चहूबाजूंनी वाढवणारी, बारीक नळ्यांतून द्रव फिरवून रक्तवाहिनीची नक्कल करणारी माणसं पाहिजेतच.

सगळे एका छताखाली नसले तर काय होतं? स्वादुपिंडाच्या कॅन्सरभोवतीची त्या शेजाऱ्यांची आणि कोलॅजनची जाड भिंत औषध आत जाऊ देत नाही असं २००९ मध्ये उंदरांवर दिसलं, भिंत पातळ करणारं औषध केमोसोबत दिल्यावर उंदीर थोडे जास्त जगले. मग माणसांवर ट्रायल झाली आणि २०१२ मध्ये ती थांबवावी लागली, कारण ते औषध घेणाऱ्यांची तब्येत न घेणाऱ्यांपेक्षा वाईट होत होती. २०१४ मध्ये परत उंदरांमध्येच दिसलं की या भिंतीतल्या पेशी काढून टाकल्या तर कॅन्सर उलट जास्त आक्रमक होतो. म्हणजे शेजारी अडवतही होते आणि आवरतही होते. सगळे एकत्र बसले असते तर हे नक्की आधी कळलं असतं असं मी म्हणणार नाही, पण उंदीरवाले, भिंतीचा कडकपणा मोजणारे आणि पेशंट बघणारे रोज एका टेबलावर चहा पीत असते तर 'ही भिंत नेमकं करते काय' हा प्रश्न कोणीतरी लवकर विचारला असता, एवढं वाटतं.

म्हणून मला विचाराल तर पहिली भरती मोठ्या प्रोफेसरची करू नका. थिएटरच्या दाराशी बर्फाचा डबा घेऊन उभा राहणारा, रक्तपुरवठा किती वाजता तुटला आणि तुकडा किती वाजता गारठवला हे न विसरता लिहिणारा, गाठीसोबत शेजारचा निरोगी तुकडा आणि रक्ताची एक ट्यूब आठवणीने मागून घेणारा एक पक्का टेक्निशियन आधी घ्या, आणि त्याला पर्मनंट करा.