बीटा एचसीजी तपासणीपूर्वी पाळीची तारीख आणि इंजेक्शनबद्दल आम्ही का विचारतो

बीटा एचसीजी ही गर्भ राहिला आहे का हे पाहण्याची रक्ततपासणी; एचसीजी या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण ती मोजते. आमच्या लॅबमध्ये तिचा रिपोर्ट हातात पडताच "आकडा बरोबर आहे ना?" असा प्रश्न येतो. नुसत्या आकड्यावरून त्याचे उत्तर देता येत नाही, कारण या संप्रेरकाचे काम आठवड्यागणिक बदलत जाते.

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर अंडाशयात त्याच जागी पीतपिंड तयार होतो आणि गर्भाशयाचे अस्तर टिकवणारे प्रोजेस्टेरॉन त्यातून स्रवू लागते. गर्भ राहिला नाही तर साधारण 14 दिवसांत पीतपिंड सुकतो व पाळी येते. गर्भ रुजला, तर ज्या पेशींपासून पुढे वार (प्लासेंटा) बनते त्या एचसीजी सोडतात. ते रक्तातून अंडाशयात पोहोचून एलएच या स्त्रीबीज बाहेर पाडणाऱ्या संप्रेरकाच्याच जागी बसते आणि सुकू लागलेल्या पीतपिंडाकडून प्रोजेस्टेरॉन बनवून घेत राहते. शेवटच्या पाळीपासून सुमारे 7 ते 9 आठवड्यांत वार हे काम स्वतःकडे घेते. त्यामुळे 8 ते 11 आठवड्यांच्या सुमारास शिगेला गेलेला एचसीजीचा आकडा पुढे उतरणे स्वाभाविक असते. नेमका तोच उतार पाहून घरची मंडळी घाबरतात.

पाळीची तारीख म्हणूनच लागते. "पोळ्याच्या आसपास" एवढ्याने भागत नाही. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी" म्हटले तरी पुरे, तारीख आम्ही कॅलेंडरवरून काढून घेऊ.

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो इंजेक्शन लपवल्याने. मूल राहण्याच्या उपचारात स्त्रीबीज बाहेर पडावे म्हणून अनेकदा एचसीजीचेच इंजेक्शन देतात आणि त्याचा अंश 10 ते 14 दिवस रक्तात राहू शकतो. सोबत सासूबाई असल्या की "काहीच औषध चालू नाही" असे सांगितले जाते, रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, पेढे वाटले जातात आणि आठवड्याभरात पाळी येते. आमची चौकशी काहींना खोचक वाटते, परंतु ती आम्ही काउंटरवर नव्हे, सॅम्पल घेताना पडद्याआड करतो. प्रोजेस्टेरॉनच्या किंवा केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगाव्यात.

डॉक्टरांनी 48 तासांनी पुन्हा तपासणी सांगितली असल्यास दुसरे सॅम्पलही त्याच लॅबमध्ये द्यावे, कारण वेगवेगळ्या यंत्रांवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. आमच्याकडे दोन्ही आकडे एकाच कागदावर मिळतात. उपाशीपोटी येण्याची गरज नाही. औसा, निलंग्याहून येणाऱ्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर आणल्यास चिठ्ठीसाठीची वेगळी खेप वाचेल.