एकाच जनुकाचे दोन आरएनए: सेन्स, अँटिसेन्स आणि स्तनाचा कर्करोग

‘स्तनाच्या कर्करोगात अमुक जनुक वाढलेलं असतं’ असं वाक्य वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो: मोजलेला आरएनए, म्हणजे जनुकावरून उतरलेली प्रत, जनुकाच्या कोणत्या धाग्यावरून आला होता?

डीएनएचे धागे दोन. त्यातल्या एकावरून जो आरएनए उतरतो आणि ज्यातून पुढे प्रथिन बनतं, तो सेन्स. त्याच जागी समोरच्या धाग्यावरून, उलट दिशेने, दुसराही आरएनए उतरू शकतो. तो अँटिसेन्स. प्रथिनाची सुरुवात सांगणारी एयूजी ही तीन अक्षरं सेन्समध्ये जिथे असतात, तिथे अँटिसेन्समध्ये सीएयू येतं. जीनोमवर, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनएवर, दोघांची जागा एकच, त्यामुळे गल्लत अगदी सहज होते.

ही गल्लत वाचकांपुरती नाही, प्रयोगशाळेतही ती बराच काळ होत होती. आरएनए मोजण्यासाठी आधी त्याचा दुहेरी डीएनए बनवतात, आणि दोन्ही धागे तयार झाले की मूळ आरएनए कोणत्या बाजूचा होता हे पुसलं जातं. २००८ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर फार सुरेख तोड काढली. डीएनए बनवण्याआधीच त्यांनी आरएनएवर बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया केली. त्यामुळे आरएनएतल्या ‘सी’ या अक्षराचा ‘यू’ होतो, आणि डीएनए बनवताना ‘यू’च्या जागी ‘टी’ येतो. मग मिळालेला क्रम जीनोमशी ताडून पाहायचा. ‘सी’च्या जागी ‘टी’ दिसला तर आरएनए एका धाग्याचा, ‘जी’च्या जागी ‘ए’ दिसला तर समोरच्या. हीच पद्धत पुढे स्तनाच्या निरोगी आणि कर्करोगाच्या पेशींवर वापरली गेली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काही जनुकांचं अँटिसेन्स आणि सेन्स यांचं गुणोत्तर कर्करोगात बदललेलं आढळलं. मला हे गुणोत्तर नुसत्या आकड्यापेक्षा जास्त बोलकं वाटतं, कारण दोन्ही आरएनए एकत्र मोजले तर एक घटून दुसरा वाढला तरी बेरीज तेवढीच राहू शकते.

दोघांना वेगळं मोजल्याने काय हाती लागतं, याचं उत्तम उदाहरण एचआयएफ-१ अल्फा या जनुकाचं आहे. ऑक्सिजन कमी पडला की पेशीला जुळवून घ्यायला लावणारं हे जनुक. त्याच्या सेन्स आरएनएच्या शेवटच्या भागाला पूरक असा एक अँटिसेन्स असतो, त्याला एएचआयएफ म्हणतात. स्तनाच्या कर्करोगाच्या २००३ मधल्या एका अभ्यासात रुग्णाच्या वाईट भवितव्याशी संबंध दिसला तो या अँटिसेन्सचा. सेन्स आरएनएचा तसा संबंध दिसला नाही. फक्त सेन्स मोजला असता तर ही खूण हातातून निसटली असती.

अँटिसेन्स म्हणजे सेन्सला दाबणाराच, असं मात्र समजू नये. काही दाबतात, काही जोडीदार आरएनएला टिकवून धरतात, काही भलतीकडेच काम करतात. हॉटेअर हा साधारण २,२०० अक्षरांचा आरएनए बाराव्या गुणसूत्रावरच्या होक्स-सी या जनुकांच्या समूहात उलट बाजूने तयार होतो आणि दुसऱ्या गुणसूत्रावरची होक्स-डी जनुकं गप्प करतो. स्तनाच्या काही गाठींत तो खूप वाढलेला असतो, आणि अशा रुग्णांत रोग शरीरात इतरत्र पसरण्याचा धोका जास्त असल्याचं २०१० साली दिसलं. झेडएफएएस-१ या अँटिसेन्सचं उलट आहे: स्तनाच्या गाठींत तो निरोगी ऊतीपेक्षा कमी आढळला. तोच आतड्याच्या कर्करोगात वाढलेला आढळतो. म्हणून ‘कर्करोगाचा अँटिसेन्स’ असा सरसकट शिक्का मला पटत नाही. अवयव कोणता ते सांगायलाच हवं.

निरोगी आणि कर्करोगाची ऊती शेजारी ठेवताना आणखी एक खाच आहे. निरोगी स्तनात चरबी आणि तंतुमय ऊती भरपूर असते. दूध बनवणाऱ्या आणि वाहून नेणाऱ्या ग्रंथींच्या पेशी त्यामानाने थोड्या. स्तनाचा कर्करोग बहुतेक वेळा याच पेशींतून सुरू होतो, त्यामुळे गाठीत त्यांची गर्दी असते. दोन तुकडे सरळ कुटून बारीक करून तुलना केली, तर अँटिसेन्स ‘वाढला’ असं दिसेल, पण प्रत्यक्षात फक्त पेशींचं प्रमाण बदललेलं असेल. त्यामुळे शोधनिबंध हाती आला की निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग उघडावा: ग्रंथींच्या पेशी वेगळ्या काढल्या होत्या का, आणि आरएनएची दिशा जपली होती का.