साठीनंतर लिव्हरचा रिपोर्ट कसा वाचावा

आमच्या लॅबच्या काउंटरवर नेहमी येणारा प्रश्न: "एसजीपीटी नॉर्मल आहे, मग डॉक्टरांनी सोनोग्राफी कशाला सांगितली?" विचारणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात, आणि उत्तरही बहुधा त्या साठीतच असते.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही लिव्हरच्या पेशींतली एन्झाइम्स. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात आणि आम्ही ती मोजतो. म्हणजे सध्या पेशींची मोडतोड किती चालू आहे, एवढेच या आकड्यावरून कळते. आजवर लिव्हर किती कडक झाले, ते त्यातून कळत नाही. शिवाय उतारवयात लिव्हर आकाराने लहान होते, त्याचा रक्तपुरवठा सुमारे एक तृतीयांशाने घटतो आणि एसजीपीटीही खाली येते. त्यामुळे बरीच वर्षे फॅटी, म्हणजे चरबी साठलेले, लिव्हरसुद्धा रिपोर्टमध्ये नॉर्मल दिसू शकते.

खरे तर लिव्हरच्या पेशी सतत बदलत असतात. गेल्या शतकातील अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बनचा माग घेऊन जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संशोधकांनी या पेशींचे वय काढले. २०२२ साली त्यांनी दाखवले, की माणूस विशीतला असो वा ऐंशीतला, त्याच्या लिव्हरचे सरासरी वय तीन वर्षांच्या आतच असते! मग बिघडते कुठे? काही पेशींची वाढ थांबते, पण त्या मरतही नाहीत. तिथेच राहून आजूबाजूला सूज आणणारी रसायने सोडत राहतात. वयाबरोबर अशा पेशी साचत जातात.

पेशी कशी मरते, यालाही महत्त्व आहे. ॲपॉप्टोसिसमध्ये पेशी स्वतःची आवराआवर करते, शेजारच्या पेशी तिचे तुकडे गिळतात आणि फारशी सूज येत नाही. फेरॉप्टोसिस मात्र वेगळे. हे नाव २०१२ मध्ये दिले गेले. यात पेशीतील लोहामुळे तिच्या आवरणातील चरबी खराब होते, आवरण फाटते आणि आतले सगळे बाहेर सांडते. मग सूज येते, आणि सूज टिकली की तिथे वणासारखे चिवट तंतू तयार होतात. डॉक्टर ज्याला फायब्रोसिस म्हणतात ते हेच. त्याचीच पुढची पायरी सिऱ्होसिस, म्हणजे लिव्हर कायमचे कडक होणे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या २०२४ मधील अभ्यासात म्हाताऱ्या उंदरांच्या फॅटी लिव्हरमध्ये असा पेशीमृत्यू वाढलेला आढळला, आणि तो रोखणारे रसायन दिल्यावर लिव्हर सुधारले. हे उंदरांत झाले. त्याचे औषध अजून मेडिकलमध्ये मिळत नाही. आणि हे वाचून कुणी रक्तवाढीसाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

फायब्रोसिसचा अंदाज घ्यायला डॉक्टर आता 'फिब-४' नावाचा हिशोब करतात. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचे. प्लेटलेट हजारांत धरायचे, म्हणजे २ लाख असतील तर २००. समजा एसजीओटी ३०, एसजीपीटी २५ आणि प्लेटलेट २ लाख. तिन्ही नॉर्मल. चाळिशीच्या माणसाचा फिब-४ येतो १.२, सत्तरीच्या माणसाचा २.१. साधारणपणे १.३ च्या खाली काळजी कमी. पासष्टीनंतर ही रेषा २ धरतात, नाहीतर निम्मे ज्येष्ठ विनाकारण घाबरतील. २.६७ च्या वर गेल्यास फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) किंवा लिव्हरतज्ज्ञांचा सल्ला लागतो. पस्तिशीच्या आत हा हिशोब भरवशाचा नाही.

"मी दारूला शिवत नाही" हे आम्ही रोज ऐकतो. फॅटी लिव्हरला दारूच लागते असे नाही. मधुमेह, सुटलेले पोट आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड पुरेसे असतात. सडपातळ माणसांनाही ते होते. उतारवयात औषधांचा निचराही मंदावतो, तेव्हा पॅरासिटामॉल, काढे, गुळवेलीच्या गोळ्या असे जे काही घेत असाल ते डॉक्टरांना जरूर सांगा. आयुर्वेदिक आहे म्हणून वगळू नका.

रक्त देण्याच्या आदल्या दिवशी जड अंगमेहनत टाळा. स्नायूंमुळेही एसजीओटी वाढते. फिब-४ साठी वेगळे रक्त द्यावे लागत नाही, फक्त एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, यात प्लेटलेट येतात) एकाच दिवशी करून घ्या. जुने रिपोर्ट असतील तर तेही सोबत आणा. प्लेटलेट दरवर्षी थोडे थोडे उतरत असतील, तर ते एका रिपोर्टवरून कळत नाही.